खाऱ्या पाण्यासाठी स्वस्तातली फ्लाय रील: आधी ड्रॅग अन् क्लच बघा, ब्रँड नंतर

तुम्ही लातूरहून विचारलंय की ८ वेटचा फ्लाय रॉड (पिसांच्या नकली आमिषानं मासे पकडायची काठी, वेट म्हणजे तिला लागणाऱ्या लाइनच्या वजनाचा नंबर) हातात आलाय, डिसेंबरात मालवण-देवगडच्या खाड्यांवर जायचं ठरलंय, रीलला दहा हजाराच्या आसपास बजेट आहे, तर शेततळ्यावर चिलापीला वापरता ती ५ वेटची क्लिकवाली रीलच चालवून घ्यावी, का स्वस्तातली नवी घ्यावी, का अजून थांबून पैसे साठवून महागाचीच घ्यावी. आधी सरळ उत्तर देतो, मग कारणं. जुनी रील नेऊ नका. महागाच्या रीलसाठी थांबूही नका. दहा हजारात खाऱ्या पाण्याला टिकणारी रील मिळते, फक्त ते पैसे कशाला देतोय हे घेणाऱ्याला माहीत पाहिजे. पैसे द्यायचे ते सीलबंद डिस्क ड्रॅगला (मासा लाइन ओढतो तेव्हा रीलला लागणारा ब्रेक), एका अखंड गजातून कापलेल्या बॉडीला अन् नीट ॲनोडायझिंगला (ॲल्युमिनियमवर तयार केलेला संरक्षक थर). रंग, डिझाइनची भोकं, डब्यावर छापलेला ड्रॅगचा आकडा, ह्याला एक रुपया जास्तीचा देऊ नका.

मी स्वतः वाळूजला डाय कास्टिंग अन् मशीनिंगच्या लाइनमध्ये बरीच वर्षं काढलीत अन् कोकणात फ्लायवर मासेमारी करतोय तेही बऱ्याच वर्षांपासून, त्यामुळं रील हातात आली की माझं लक्ष आधी धातूकडं जातं अन् मग माशाकडं. तुम्हाला थोडं उलट सांगतो, आधी मासा.

खाडीत तुमच्या ८ वेटवर येणार काय तर जिताडा, तांबोशी, रावस अन् नशीब असलं तर छोटी-मध्यम ट्रेव्हॅली. आता जिताडा अन् तांबोशी हे मासे सहसा लांब पळत नाहीत, ते कांदळवनाच्या मुळ्यांत नाहीतर जेटीच्या खांबांत घुसतात, अन् पहिल्या दोन-तीन सेकंदात तुम्ही हातानं लाइन दाबून त्याला वळवलं नाही तर रील कितीही भारी असू द्या, तो गेला. म्हणजे ह्या दोघांसाठी रील म्हणजे लाइन ठेवायची जागा, बाकी काही नाही. खरी परीक्षा घेतात रावस अन् ट्रेव्हॅली. खाडीच्या तोंडाशी, उघड्या पाण्यात रावस लागला की तो सरळ समुद्राकडं निघतो, पायाशी पडलेली लाइन सपकन उचलली जाते अन् पुढच्या क्षणी सगळा ताण रीलवर येतो. त्या क्षणी ड्रॅग अडखळला तर टिपेट, म्हणजे हुकाला बांधलेला टोकाचा पातळ धागा, तुटतं. ५ वेटच्या क्लिक रीलमध्ये ताण असा नसतोच, आत एक छोटी पट्टी दातऱ्या चाकावर टकटक करते एवढंच, तिचं काम फक्त स्पूल (लाइन गुंडाळली जाते ते चाक) जास्त फिरून गुंता होऊ नये हे बघणं. शिवाय त्या रीलवर ८ वेटची लाइन बसवली तर बॅकिंगला (लाइनच्या मागं जोडलेल्या जादा दोरीला) जागाच उरत नाही. म्हणून ती रील शेततळ्यावरच राहू द्या, तिथं ती उत्तम आहे.

आता ड्रॅग. जाहिरातीत लिहिलेलं असतं वीस पौंड ड्रॅग, पंचवीस पौंड ड्रॅग. तुम्ही टिपेट किती वापरणार, १६ पौंडाचं, फार तर २० चं. १६ पौंड म्हणजे सव्वासात किलो. ड्रॅग ठेवायचा असतो टिपेटच्या ताकदीच्या चौथ्या हिश्शावर, फार झालं तर तिसऱ्या, म्हणजे साधारण १.८ ते २.४ किलो. मग वीस पौंडाचा ड्रॅग घेऊन करायचं काय? तो आकडा बघायचाच नाही. बघायचं हे की दोन किलोवर लावलेला ड्रॅग सुरू होताना किती ओढ मागतो अन् चालू झाल्यावर किती. चांगल्या रीलमध्ये हे दोन आकडे जवळजवळ सारखे असतात. वाईट रीलमध्ये सुटताना अडीच-तीन किलो लागतं अन् सुटल्यावर झटकन दीडवर येतं, अन् टिपेट तुटतं ते ह्याच सुटायच्या क्षणाला.

हे घरी तपासता येतं. प्रवासाच्या बॅगा तोलायचा हुक असलेला डिजिटल काटा मिळतो ना, दोन-तीनशे रुपयांत येतो, तो घ्या. रील रॉडच्या खालच्या भागाला लावून कुणाला तरी घट्ट धरायला सांगा, स्पूलवरून निघणारी लाइन सरळ काट्याला बांधा अन् हळूहळू ओढा, रॉड वाकवायचा नाही, सरळ रेषेत ओढायचं. आकडा वर चढत जातो, मग स्पूल सुटतं, अन् आकडा कुठंतरी स्थिर होतो. चढलेला सगळ्यात वरचा आकडा अन् स्थिर आकडा दोन्ही लिहून ठेवा. पाच-सहा वेळा करा. नंतर ड्रॅग आहे तसाच ठेवून रील रात्रभर पडू द्या अन् सकाळी पहिली ओढ परत मोजा, कारण बऱ्याच स्वस्त रीलचा ड्रॅग बसून राहिला की चिकटतो अन् पहिल्या ओढीलाच धोका देतो, अन् मासा तर पहिल्याच ओढीला लागणार असतो. माझ्या मते फरक पाव किलोच्या आत असला तर रील कामाची, अर्ध्या किलोच्या वर गेला तर परत पाठवा.

अजून एक गोष्ट जी लई जण लक्षात घेत नाहीत. ड्रॅगची नॉब तुम्ही हलवली नाही तरी माशाला लागणारा ताण बदलत असतो. आतली डिस्क जेवढी ताकद लावायची तेवढीच लावते, पण लाइन जशी बाहेर जाते तसा स्पूलवरचा गोळा बारीक होतो, अन् बारीक गोळ्यावरून तीच लाइन ओढायला जास्त जोर लागतो. भरलेल्या स्पूलचा व्यास १० सेंटिमीटर धरा अन् तिथं ताण पावणेदोन किलो आहे. मासा लाइन घेऊन, बॅकिंग घेऊन गेला अन् व्यास ५ वर आला की तोच ताण साडेतीन किलो होतो, अन् वर पाण्यात ओढल्या जाणाऱ्या एवढ्या लांब लाइनचा विरोध वेगळा. म्हणजे मासा लांब गेला म्हणून घाबरून नॉब आवळायची नाही, उलट जरा सैल सोडायची. अन् म्हणूनच लार्ज आर्बर रील घ्यायची, ज्याचा मधला भाग आधीच मोठा असतो, त्यात व्यास ५ पर्यंत खाली येतच नाही, साडेसहा-सातला थांबतो. दुसरा फायदा गुंडाळायचा. १० सेंटिमीटर व्यासावर हँडलच्या एका फेरीत साधारण ३१ सेंटिमीटर लाइन आत येते, ६ वर १९. मासा तुमच्याच दिशेनं पळत आला की हा फरक जीव वाचवतो, कारण ढिली पडलेली लाइन म्हणजे सुटलेला हुक.

आता धातू, अन् इथं मी जरा जास्त बोलणार आहे.

बाजारात स्वस्त रील दोन जातीच्या. एक डाय कास्टिंगची, म्हणजे वितळलेलं ॲल्युमिनियम दाबानं साच्यात ढकलून केलेली. दुसरी बार स्टॉकची, म्हणजे अखंड गजातून सीएनसीवर (संगणकावर चालणाऱ्या मशीनवर) कापून काढलेली. जे वाळूज-चिकलठाण्यात काम करतात त्यांना कळेल, कास्टिंगला जी मिश्रधातू सर्रास वापरतात ती एडीसी १२ किंवा तिच्या जवळची, तिच्यात सिलिकॉन दहा-बारा टक्के असतं कारण त्यानं धातू साच्यात नीट वाहतो, अन् तांबंही दीड ते साडेतीन टक्के असतं. गाडीच्या पार्टला हे ठीक आहे. समुद्राला नाही. ॲल्युमिनियममध्ये तांबं जास्त असलं की मिठाच्या पाण्यात ते लवकर खातं. अन् सिलिकॉन एवढं असलं की ॲनोडायझिंग नीट बसत नाही, थर पातळ, काळपट, कुठं बसला कुठं नाही असा होतो. त्यामुळं कास्टिंगच्या रीलवर सहसा नुसता रंग किंवा पावडर कोटिंग असतं. वर कास्टिंगच्या पोटात बारीक हवेची भोकं राहतात, आम्ही त्याला पोरोसिटी म्हणतो. रंगाला एक ओरखडा गेला, कातळावर एकदा घासली, की मीठ त्या भोकांतून आत जातं अन् रंगाखालून पांढरी भुकटी फुलून वर येते. ती फुगलेली जागा एकदा दिसली की ती थांबत नाही. अन् कास्टिंग ठिसूळ असतं, आपटलं तर वाकत नाही, रीलचा पाय सरळ तुटतो.

बार स्टॉकच्या रीलवर ६०६१ टी ६ असं लिहिलेलं असतं. ह्यात तांबं अर्ध्या टक्क्याच्याही आत, सिलिकॉन एक टक्क्याच्या आत, ॲनोडायझिंग सुंदर बसतं अन् तो थर रंगासारखा वर चिकटवलेला नसतो, धातूच्याच पृष्ठभागाचं ते ऑक्साइड असतं, म्हणून त्याचा पापुद्रा निघत नाही. हार्ड ॲनोडायझिंग असेल तर थर साधारण २५ ते ५० मायक्रॉन, रंगीत दिखाऊ ॲनोडायझिंगचा त्याच्या कितीतरी कमी. चमकदार लाल-निळ्या रीलपेक्षा मंद राखाडी-काळी रील खाऱ्या पाण्याला बहुतेक वेळा जास्त चांगली निघते ती ह्यामुळं. एक सोपी तपासणी: मल्टिमीटर बीपवर लावा अन् दोन्ही टोकं स्पूलच्या आतल्या कोपऱ्यांत, स्क्रूच्या भोकांपाशी, पाय बॉडीला जुळतो तिथं हलकी टेकवत जा. ॲनोडायझिंगमधून करंट जात नाही. जिथं बीप येतो तिथं धातू उघडा आहे, अन् मीठ तिथूनच सुरुवात करणार. एखाद-दुसरी जागा असेल तर घाबरायचं नाही, तिथं ग्रीसचा पातळ हात फिरवायचा, पण सगळ्या कडा बोलायला लागल्या तर कोटिंग झाल्यावर मशीनिंग केलंय असं समजा अन् ती रील नको.

स्क्रूही बघा. रीलचा पाय बॉडीला स्टेनलेस स्क्रूनं बसवलेला असतो. स्टेनलेस अन् ॲल्युमिनियम एकमेकांना चिकटून खाऱ्या पाण्यात आले की ॲल्युमिनियम झिजतं, स्क्रू तसाच राहतो, अन् दोन वर्षांनी तो स्क्रू उघडायला गेलं तर त्याचं डोकं गुळगुळीत होतं पण तो निघत नाही. नवी रील तपासून ठेवायची ठरली की हे स्क्रू एकेक करून काढा, आट्यांना मरीन ग्रीस किंवा अँटी-सीझ लावा अन् परत बसवा. दहा मिनिटांचं काम आहे.

आता ज्या पार्टबद्दल जाहिरातीत कुणीच बोलत नाही तो, वन-वे क्लच. स्पूल काढलं की मधे जो खोलगट भाग दिसतो त्यात एक बेअरिंगसारखी बारीक नळी बसवलेली असते, आत सुयांसारखे रोलर. सायकलच्या फ्रीव्हीलचं जे काम तेच हिचं, गुंडाळताना स्पूल मोकळं फिरू देते अन् मासा ओढायला लागला की ड्रॅगला जाऊन धरते. स्वस्त रीलमध्ये सीलबंद ड्रॅग लिहिलेलं खरंच असतं, डिस्क खरंच ओ-रिंगच्या (रबरी कडीच्या) आत असतात, पण हा क्लच मात्र स्पूलमध्ये उघडा. अन् हा बेअरिंगच्या साध्या स्टीलचा असतो, गंजतो. गंजला की रोलर अडकतात, मग एक तर गुंडाळताना पण ड्रॅग लागतो, नाहीतर ह्याच्या उलट, मासा ओढतो अन् ड्रॅग धरतच नाही, स्पूल भिंगरीसारखं सुटतं. मी बघितलेल्या बंद पडलेल्या स्वस्त रीलमध्ये डिस्क बहुतेकदा ठीक होत्या, मेला होता तो हा क्लच. म्हणून घेताना फोटोत स्पूलची आतली बाजू दाखवा म्हणून विक्रेत्याला सांगाच. क्लच सीलच्या आत असेल तर उत्तम. उघडा असेल तरी रील घेता येते पण मग त्याची काळजी तुमची, प्रत्येक ट्रिपनंतर त्यात हलक्या तेलाचे एक-दोन थेंब. जाड ग्रीस भरू नका, जाड ग्रीसमध्ये रोलर वेळेवर धरत नाहीत. आपल्याकडं एक सोय आहे, हे क्लच बऱ्याचदा ठराविक मापाचे असतात, आतला व्यास अन् बाहेरचा व्यास व्हर्नियरनं मोजून मोठ्या बेअरिंगच्या दुकानात गेलं अन् माप जुळलं तर थोडक्या पैशात नवा बसतो. पण दाबून काढताना-बसवताना व्हाइस लागतो, हातोडीनं ठोकलं तर गेला.

मॉडेलचं विचाराल तर थोडक्यात. पिस्कीफन अन् मॅक्सकॅच ह्या चिनी कंपन्यांच्या सीएनसी रील तुमच्या बजेटात आरामात बसतात, धातू चांगला असतो, पण ह्यांच्या एकाच नावाखाली सीलबंद अन् साधा ड्रॅग असलेली अशी दोन्ही मॉडेल मिळतात, तेव्हा कंपनी बघून नाही, त्या मॉडेलचं वर्णन वाचून घ्या. लॅमसनची लिक्विड ही वेगळी केस आहे, ती कास्टिंगची असूनही मी तिची शिफारस करतो, कारण तिच्यात त्याच कंपनीच्या महाग रीलसारखा शंकूच्या आकाराचा सीलबंद ड्रॅग आहे अन् तो खरंच गुळगुळीत चालतो, फक्त कातळावर आपटू द्यायची नाही. ऑर्व्हिसची क्लिअरवॉटर कास्टिंगची, हायड्रोस पूर्ण मशीनची अन् सीलबंद, पण हायड्रोस तुमच्या बजेटच्या वर जाते. रेडिंग्टनची बेहेमथ ड्रॅगला जबरदस्त पण तीही कास्टिंगचीच. बाहेरून मागवणार असाल तर किमतीत कुरिअर अन् कस्टम ड्युटी धरूनच हिशोब करा, नाहीतर दहाची रील दारात येईपर्यंत पंधराची होते. कुणी नातेवाईक परदेशातून येणार असेल तर त्यांच्या हाती आणलेलं बरं.

मला स्वतःला विचारलं तर ह्या बजेटात सीएनसी बॉडी अन् सीलबंद ड्रॅग असलेली चिनी रील घेऊन उरलेले पैसे लाइनला द्यावेत. लाइनचं हे फार महत्त्वाचं आहे. थंड प्रदेशासाठी केलेली लाइन आपल्या उन्हात मऊ पडते, चिकट होते, रॉडवरच्या कड्यांमधून सरकतच नाही, अन् मग माणूस आपल्या लाइन फेकण्याला दोष देत बसतो. ट्रॉपिकल लिहिलेली, कडक कोअरची (आतल्या गाभ्याची) खाऱ्या पाण्याची ८ वेट लाइन घ्या. रील मध्यम अन् लाइन चांगली ही जोडी खाडीवर जास्त मासे देते, रील भारी अन् लाइन भंगार ही नाही.

साइज. रीलवर ७/९ किंवा ८/१० असं लिहिलेलं असतं, दोन्ही चालतात, पण मी ८/१० कडं झुकेन कारण उद्या ९ वेटचा रॉड घेतला तर तीच रील कामाला येते. क्षमता वाचताना नुसतं दोनशे यार्ड असं बघू नका, ती कोणत्या जाडीच्या बॅकिंगची हे बघा, २० पौंड डॅक्रॉनचे (विणलेल्या पॉलिएस्टर दोरीचे) दोनशे यार्ड म्हणजे १८३ मीटर अन् तेवढी जागा ८ वेटला पुरे. डॅक्रॉन नाही मिळालं तर ब्रेड, म्हणजे विणलेली पातळ मासेमारीची दोरी, चालते, कोणत्याही फिशिंगच्या दुकानात असते, पातळ असल्यानं जास्त मावते. पण अगदी बारीक ब्रेड घेऊ नका, पळत्या माशाबरोबर ती बोटं कापते अन् सैल गुंडाळली असेल तर स्वतःच्याच थरांत रुतते अन् मधेच अडकते. ५० पौंडाची घ्या, ओल्या फडक्यात धरून ताणून गुंडाळा, अन् सुरुवातीला तीन-चार मीटर साधी नायलॉनची दोरी बांधा कारण ब्रेड गुळगुळीत स्पूलवर आख्खीच्या आख्खी गरगर फिरते, मग तुम्हाला वाटतं ड्रॅग गेला.

हँडल कोणत्या हातानं फिरवणार ते बॅकिंग भरायच्या आधी ठरवा. तुम्ही उजव्या हातानं लाइन फेकता तर डाव्यानं गुंडाळा, रॉड हात बदलायला लागत नाही. रील उजवी-डावी करायला बहुतेक ठिकाणी तो क्लच उलटा करून बसवायचा असतो, एकदा बॅकिंग अन् लाइन भरली अन् मग कळलं की ड्रॅग उलट्या बाजूला लागतोय तर सगळं परत उपसावं लागतं.

आता आपल्या मराठवाड्याचा प्रश्न, जो कोकणातल्या माणसाला नसतो. तो दर आठवड्याला पाण्यावर असतो, त्याची रील रोज धुतली जाते, फिरत राहते. आपण वर्षातून मोजक्या वेळा जातो, मीठ चढलेली रील चार-पाचशे किलोमीटर गाडीत घेऊन येतो, बॅग कोपऱ्यात पडते अन् पुढची ट्रिप निघेपर्यंत कुणी उघडत नाही. मधे मे महिना, बेचाळीस-त्रेचाळीस डिग्री, मग पावसाळ्याची दमट हवा. रील खराब होते ती ह्या काळात, समुद्रावर नाही. म्हणून धुणं तिथंच, मालवणातच करायचं, घरी आल्यावर नाही.

रोज संध्याकाळी खोलीवर आल्यावर ड्रॅगची नॉब पूर्ण आवळा, म्हणजे फटी बंद राहतात, अन् बादलीत साधं गोडं पाणी घेऊन मगानं हळू ओता. जोराचा पाइप मारू नका, जोरानं मीठ आत ढकललं जातं. अन् दिवसभर उन्हात तापलेली रील एकदम गार पाण्यात बुडवू नका, आतली गरम हवा आकसते अन् सीलच्या कडेला साचलेल्या मिठासकट पाणी आत ओढून घेते, आधी सावलीत गार होऊ द्या. स्पूल काढून दोन्ही भाग वेगळे धुवा, कापडानं पुसा, रात्रभर वेगवेगळेच ठेवा. नॉब सैल करून ठेवा. बाहेर काढलेली बॅकिंग खारट झाली असेल, म्हणजे मासा लांब गेला असेल, तर ट्रिप संपल्यावर ती पूर्ण उलगडून पाण्यात भिजवा, कारण बॅकिंगच्या थरांत अडकलेलं मीठ स्पूलला आतून खातं अन् बाहेरून काहीच दिसत नाही.

घरी आल्यावर परत एकदा, अन् शेवटचं पाणी बोअरचं वापरू नका. आपल्याकडचं बोअरचं जड पाणी वाळलं की पांढरा थर सोडतं, तो लाइनवर खरखरीत होतो अन् क्लचच्या रोलरमध्ये बसतो. शेवटचा एक मग जारच्या नाहीतर फिल्टरच्या पाण्याचा घ्या, तेवढं पुरतं. वाळल्यावर हँडलच्या खुंटीला, नॉबच्या आट्यांना अन् क्लचला तेलाचा थेंब, पण ड्रॅगच्या डिस्कवर अन् लाइनवर ते स्प्रेवालं तेल अजिबात मारायचं नाही. रील ज्या रबरी पाउचमध्ये येते ते प्रवासासाठी आहे, महिनोन् महिने ठेवायला नाही, ते ओल धरून ठेवतं. सुती कापडात गुंडाळून कपाटात ठेवा, गाडीच्या डिकीत नाही, उन्हाळ्यात बंद डिकीत लाइनचं कोटिंग खराब होतं. अन् महिन्यातून एकदा टीव्ही बघता बघता हातात घेऊन दोन्ही दिशांना फिरवा, ड्रॅग लावून पाच-दहा वेळा ओढा. ओढ जड लागली, आवाज बदलला, की तेव्हाच कळेल, देवगडच्या पाण्यात उभं राहिल्यावर नाही.

सेकंडहँड रील मिळत असेल तर तीही वाईट नाही. पायाचे स्क्रू बघा, त्यांच्याभोवती पांढरी भुकटी असेल तर सोडून द्या. स्पूल बोटानं जोरात फिरवा, थरथरत असेल, कडेला घासत असेल तर कुठंतरी पडलेली आहे. स्पूल अन् बॉडीच्या फटीत पाव मिलिमीटरची नायलॉन घालून बघा, सहज जात असेल तर पातळ लीडर (लाइनच्या टोकाला जोडलेला धागा) तिथं घुसणार अन् ऐन वेळी अडकणार. ही तपासणी नव्या रीलवरही करा.

डिसेंबरला जायचंय तर ऑर्डर ऑक्टोबर संपायच्या आत द्या, म्हणजे खराब निघाली तर बदलून घ्यायला वेळ मिळेल. पार्सल आल्यावर क्रम हा ठेवा: आधी स्पूल काढून क्लच अन् सील बघा, मग मल्टिमीटर, मग कच्ची दोरी बांधून काट्यावर ओढ, रात्रभर ठेवून परत ओढ. सगळं ठीक निघालं तरच स्क्रू उघडून ग्रीस लावा अन् बॅकिंग भरा, कारण एकदा स्क्रूला हात लावला किंवा लाइन भरली की विक्रेता परत घेताना कुरकुर करतो. रील आली की काट्यावरचे दोन्ही आकडे मला कळवा अन् स्पूलच्या आतला एक स्पष्ट फोटो पाठवा, क्लच उघडा आहे का बंद ते बघून कोणतं तेल किती घालायचं ते नेमकं सांगतो.